पंचा किती तासांत वाळतो? मुंबईच्या हवेत वर्ष काढण्याची रीत

माझी भाची सोलापूरहून मुंबईत नोकरीला आली तेव्हा मार्च संपत आला होता. "मावशी, तेहतीस डिग्री? एवढ्यात आमच्याकडे पंखा एकवर असतो," म्हणून हसली. चौथ्या दिवशी पाठभर घामोळं घेऊन माझ्यासमोर बसली आणि विचारू लागली, की इथे नक्की चुकतं कुठे.

चुकतं ते आकडा वाचण्यात. सोलापूरला घाम येतो आणि उडून जातो. मुंबईत येतो आणि अंगावर बसून राहतो. हवेतच एवढं पाणी असतं, की घामाला जायला जागा नसते. घाम उडाला नाही की अंग गार होत नाही. हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात पारा ४० अंशांना पोचल्याशिवाय ते उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाहीत, पण किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच हिशेब सुरू होतो, सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. शाळेत 'मुंबईचे हवामान सम व दमट' एवढं पाठ केलं होतं, त्यातलं 'सम' विसरलात तरी चालेल. 'दमट' तेवढं धरून ठेवा.

मी गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, लग्न होऊन आले १९८८ साली. माझं हवामानाचं यंत्र म्हणजे आमच्या ह्यांचा सुती पंचा. हाताने पिळून गॅलरीतल्या त्याच दांडीवर, त्याच जागी वाळत घालायचा आणि किती तासांत वाळला ते भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. जानेवारीत अडीच-तीन तास. मे महिन्यात ऊन कडक, तरी चारच्या खाली नाही. ऑक्टोबरच्या दुपारी दोन. आणि जुलैत दीड दिवस, तेवढं करूनही काठ ओलसरच. हल्ली चार-पाचशे रुपयांत दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते घ्या हवं तर. नाहीतर मिठाची बरणी उघडा. मीठ सुटसुटीत असलं तर गाद्या उन्हात काढायचा दिवस. गोळा झालं तर धुणं कमी काढा. पाणी सुटलं असेल तर चादरींना हातच लावू नका.

दुसरी गोष्ट, 'मुंबईत पाऊस' असं काही नसतं. खात्याच्या मोजणीच्या मुख्य जागा दोन, कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, त्यामुळे थंडीतल्या पहाटे सांताक्रूझला १६ असतील तर कुलाब्याला १९-२० असतात. गिरगाव, भायखळा, फोर्टवाल्यांनी कुलाब्याचा आकडा आपला समजावा, वांद्र्याच्या पुढच्यांनी सांताक्रूझचा. दोन्हींत किती फरक पडू शकतो ते मी घरात बघितलंय. २६ जुलै २००५. मी फोर्टमधलं ऑफिस सुटल्यावर छत्री उघडून चालत घरी आले, नेहमीचा जुलैतला पाऊस म्हणत. हे कालिन्याला होते. रात्रभर ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर बसून काढली, सकाळी निघाले ते दुपारी तीनला दारात, पँट मांडीपर्यंत चिखलाची. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास. तेव्हापासून मी भाचीला काय, कुणालाही "इकडे काही नाहीये, ये तू" असं फोनवर सांगत नाही.

मिलिमीटर म्हणजे काय हेही एकदा डोळ्यांसमोर आणा. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. आमची खोली दहा बाय दहा फुटांची, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस झाला की तेवढ्याशा छपरावर सव्वानऊशे लिटर पाणी पडलं. त्या २६ जुलैला सांताक्रूझमध्ये तेवढ्याच जागेवर पावणेनऊ हजार लिटर पडलं. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस सुरू होतो, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की त्याहून पुढचा. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजतात, म्हणून संध्याकाळच्या पावसाचा खरा आकडा दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत सापडतो. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे बाहेर पडायचं काम उद्यावर ढकला. पण रंग दिवसभरासाठी असतो. घरातून निघण्याआधी खात्याच्या साइटवरचं कुलाबा किंवा वेरावलीच्या रडारचं चित्र बघा. समुद्रावरून जाड पट्टा आत सरकताना दिसला की एक चहा घ्या आणि मग निघा.

आता पाणी तुंबण्याचं. इथे जरा थांबून सांगते, कारण मुंबईत नुसता पाऊस बघून काही कळत नाही, भरती बघावी लागते. शहराची गटारं शेवटी समुद्रात उघडतात. जुनी गटारं बांधली तेव्हा हिशेब होता ताशी २५ मिलिमीटर पावसाचा, तोही ओहोटी असताना. भरती चढली की समुद्राचं पाणी गटाराच्या तोंडापेक्षा वर येतं, दरवाजे बंद करावे लागतात, आणि मग सगळा भार हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया, इर्ला असल्या ठिकाणच्या पंपांवर. त्याच तासात ढग फुटला की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं टीव्हीवर येतात. हिंदमाताला आता जमिनीखाली पाण्याच्या टाक्या केल्यात, फरक पडलाय, पण मी अजून तिथला रस्ता टाळते. सवय म्हणा.

महापालिका दर वर्षी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी कापून फ्रिजवर लावा. यादी हाताशी नसेल तर कोळ्यांचा हिशेब वापरा, मला तो क्रॉफर्ड मार्केटला माझ्या नेहमीच्या मासेवालीने शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. आज चतुर्थी? चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार-मध्यरात्रीच्या आसपास. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, तेवढा धरून चाला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे.

ह्यातून निघतं काय ते बघा. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाणाची भरती असते, सगळ्यात उंच, आणि ती येते दुपारी बारा ते तीनच्या मध्ये. म्हणजे त्या दिवसांत जोराचा पाऊस लागला तर दुपारी बाहेर पडू नका. पण संध्याकाळी सहा-सातला ओहोटी असते, पाणी उतरायला लागलेलं असतं, तेव्हा निघा. भाचीचं ऑफिस अंधेरीला. मागच्या जुलैत असाच दिवस होता, साडेतीनला ऑफिसने सोडलं आणि सगळे एकदम धावले. मी तिला सांगितलं, बस तिथेच, सातला निघ. सव्वाआठला घरी होती. तिच्याबरोबरची साडेतीनला निघालेली मुलगी साडेनऊला पोचली. उलट अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. त्या दिवशी संध्याकाळी सहाला भरती असली तरी मी एवढी घाबरत नाही. अर्थात पाऊस २०० च्या वर गेला की तिथी-बिथी काही ऐकत नाही, हेही खरं.

तुंबलेल्या पाण्यातून चालावंच लागलं तर रस्त्याच्या कडेने, लोकांच्या रांगेमागून. उघडं मॅनहोल वरून दिसत नाही. पायाला जखम असेल आणि पाण्यातून आलात, तर घरी साबणाने पाय धुवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन सांगा. लेप्टो म्हणजे असल्या घाण पाण्यातून होणारा ताप, त्याची गोळी आधी घेण्यातच अर्थ आहे, ताप आल्यावर धावाधाव होते. १९१६ हा महापालिकेचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

पावसाआधीची तयारी पूर्वी मृगाच्या बेताने करायचो. मृग लागतो ७-८ जूनला, खात्याची मुंबईची तारीख ११ जून, दोन्ही जवळजवळ. त्या भरवशावर मी २०२५ मध्ये तोंडावर आपटले. मे संपायला आठवडा असताना चार किलो गव्हाच्या कुरडया गच्चीवर घातल्या. अर्ध्या कच्च्या असताना आभाळ भरून आलं, खाली आणेपर्यंत चिकाचा लगदा. वाटलं वळीव असेल, उद्या ऊन पडेल. उद्या पडलं नाही, परवाही नाही, आणि २६ मेला खात्याने मान्सून आल्याचंच जाहीर केलं. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद नव्हती. तेव्हापासून माझी मुदत १५ मे. तोवर मसाले दळून भरलेले, छज्जावर ताडपत्री, गॅलरीच्या वरची पन्हाळी पाला काढून मोकळी, आणि सुके बोंबील, जवळा, सुकट डब्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी महाग, तेव्हा सुक्याला पर्याय नाही. मे म्हणजे वादळाचाही महिना. १७ मे २०२१ ला तौक्ते गेलं तेव्हा कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटरवर पोचला होता, आमच्या गॅलरीतली तुळस कुंडीसकट समोरच्या चाळीच्या जिन्यात सापडली. कुंड्या आधीच आत घ्या.

पावसाळ्यातल्या घराची मुख्य चूक म्हणजे खिडक्या उघड्या टाकून 'हवा खेळू दे' म्हणणं. जुलैत बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली. झड लागली असताना उघडी खिडकी म्हणजे कपाटाला पाणी पाजणं. झड असेल तेव्हा बंद, उघडीप मिळाली की सगळ्या उघडा, तास-दोन तास. कपडे वाळतात ते उन्हाने नाही, हलत्या हवेने. म्हणून स्टँड खिडकीजवळ नाही, पंख्याखाली. दोन कपड्यांमध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगायची, खिसे बाहेर काढून. जाड टॉवेल आधी कोरड्या पंचात गुंडाळून दाबायचा, पाणी पंचा ओढून घेतो. तरीही कुबट वास आलाच तर इस्त्री फिरवून लपवू नका, पुन्हा धुवा. ओलसर कपडा घडी करून कपाटात ठेवला की तो एकटा सडत नाही, शेजारच्या पैठणीलाही घेऊन बसतो. माझी अशी एक गेलीय, त्यावर जास्त बोलत नाही.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामड्याच्या चपला वरच्या फळीवर, वर्तमानपत्र कोंबून, आणि ते कागद दर आठवड्याला बदलायचे. रवा कोरडा भाजून भरायचा. पापड, फरसाण लहान डब्यांत, रोजचा एक वेगळा. माणसं मोठा डबा दिवसातून चारदा उघडतात आणि मग पापड मऊ पडला म्हणून पापडवालीला नावं ठेवतात. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला.

एवढं धो धो पडूनही पाणीकपात कशी, असं भाची विचारते. सात तलावांपैकी शहरात फक्त विहार आणि तुळशी, तेही लहान. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य आणि उर्ध्व वैतरणा लांब, तिकडच्या डोंगरात पाऊस हवा. गिरगावात पाय भिजले म्हणून भातसा भरत नाही.

सप्टेंबर सरत आला की हस्ताचा पाऊस. तो दुपारनंतर गडगडाट करून येतो, म्हणून त्या दिवसांत धुणं सकाळी सातला बाहेर, तीनला आत. वीज कडाडली की गच्चीवर जायचं नाही, कपडे भिजले तर भिजले. पाऊस परतायची खात्याची तारीख ८ ऑक्टोबर. मग ऑक्टोबरची तलखी. लोक शिव्या घालतात, मी नाही. वर्षातला सगळ्यात कामाचा उकाडा तो. आभाळ निवळ, ऊन कडक, वारा समुद्राकडून जमिनीकडून असा बदलत असतो. गाद्या, उशा, लोकरीचं, लग्नातल्या साड्या, अल्बम, ट्रंकेतले कागद, सगळं दसरा-दिवाळीच्या मधल्या आठ-दहा दिवसांत बाहेर काढा. साड्या सावलीत, बाकी उन्हात. स्वतः मात्र बारा ते चार घरात. जमिनीत मुरलेलं पाणी वर येत असतं, त्यामुळे त्या उन्हात अंग उकडल्यासारखं होतं.

थंडीबद्दल काय सांगू. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ पर्यंत उतरला होता, तेवढ्यावर आम्ही अजून जगतो. उत्तरेचा वारा आला की आठ-दहा सकाळी शाल लागते, मग पुन्हा सुती साडी. एक मात्र पाळा. थंडीत वारा पडतो, धूर-धूळ खालीच अडकून राहते, सकाळी समोरची इमारत धुरकट दिसते. ते धुकं नाही. चौपाटीवर फिरायला मी पहाटे जाणं सोडलं, ऊन वर आल्यावर नऊला जाते. खोकला थांबला.

होळीनंतर लक्ष खाऱ्या वाऱ्याकडे. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री उलटे मतलई वारे, हे शाळेतलं इथे उपयोगी पडतं. खारा वारा अकरा-बाराला सुटला की पारा तिथेच अडतो. पूर्वेचा गरम वारा जोरात असला की तो समुद्राच्या वाऱ्याला दोन-तीनपर्यंत आत येऊ देत नाही, आणि तेवढ्यात पारा ४० कडे पळतो. सांताक्रूझचा ४२.२ चा आकडा १४ एप्रिल १९५२ चा आहे. ओळखायचं कसं? मी दांडीवरचा पंचा बघते. साडेअकराला तो चौपाटीच्या बाजूने आत फडफडत असेल तर दुपार ठीक जाईल. बाराला बाहेर ओढला जात असेल किंवा लोंबत असेल, तर पूर्वेच्या खिडक्या बंद, पडदे ओढा, कोकम सरबत करा, आणि बँकेचं काम उद्या.

ऊन कुठून येतं तेही बदलतं. डिसेंबरात दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार उंबऱ्यापर्यंत येतं. मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर, १५-१६ मेला दुपारी उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. मग दक्षिणेच्या गॅलरीत ऊन शिरतच नाही, गच्ची गाठावी लागते.

आणि म्हणून वाळवण. 'वाळवणं मे महिन्यात' हे देशावरचं गणित, तिथली हवा कोरडी असते. मुंबईत मेपर्यंत दमटपणा चढलेला असतो. ऊन असूनही पापड वरून कडक आणि आतून ओला राहतो, आणि ऑगस्टमध्ये त्याला बुरशी धरते. इथे वाळवणाचे खरे दिवस फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. नऊच्या आत घालायचं, चारला उचलायचं, संध्याकाळचा खारा वारा लागू द्यायचा नाही. उचलल्यावर लगेच डब्यात नाही, खोलीत सुपात पसरून गार होऊ द्यायचं, नाहीतर डब्याच्या झाकणाला आतून घाम येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. तिसऱ्या दिवशी एक मोडून बघायचा. कट्कन आवाज आला तर भरायचं, वाकला तर चौथा दिवस.

भाचीने यंदा तिच्या हाताने उडदाचे दोन किलो लाटले. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातलीय, १२ मार्च. पहिला तळायचा ऑगस्टमध्ये, झड लागली असताना, असं आमचं ठरलंय. मग कळेल.